बेटा, नाव लहानच घे

ता. पवनी, जि. भंडारा
१० नोव्हेंबर

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मैत्रिणी मिळून २६ फुटी केबिनवाली शीडबोट घ्यायचं ठरवता आहात, आत ओटा आहे, चार जणांची झोपायची सोय आहे, हे वाचलं. पैसे भरायच्या आधी माझं ऐक. तुम्हाला काठाकाठाने हिंडायचं आहे, रात्री पाण्यावर झोपायचं आहे, दोन-तीन दिवसांत परतायचं आहे. एवढ्यासाठी १४ ते १७ फुटांची उघडी नाव घ्या. तिच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, वर ओढता आली पाहिजे.

पहिलं कारण खोलीचं. बहुतेक २६ फुटी नावांना खाली कायमची कील, म्हणजे तळाखालची जड पात, असते, त्यांना तरंगायलाच सव्वा ते दीड मीटर पाणी लागतं. वेफेरर नावाच्या उघड्या नावेचं माप बघ. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ही नाव ४.८२ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद आहे, नुसत्या सांगाड्याचं वजन १६९ किलोच्या आसपास. फळी पूर्ण खाली असताना तिला १.१७ मीटर पाणी लागतं, वर घेतली की फक्त २० सेंटिमीटर. रात्र सुखाने जाते त्या जागा बहुतेक उथळच असतात: नाल्याचं तोंड, टेकडीची आडोशाची बाजू, बुडालेल्या बांध्यांची कड. तिथे लाट पोचत नाही, वारा अडतो. लहान नाव तिथे जाते, तू पोटरीभर पाण्यात उतरतेस आणि दोर धरून तिला काठाला घेतेस. मोठी नाव मधल्या उघड्या पाण्यात रात्रभर हेलकावे खाते. कोकणच्या खाडीतही हेच होतं. ओहोटीला पाणी गेलं की लहान नाव चिखलावर सपाट बसते आणि भरती आली की उठते. कीलवाली कलंडते.

मोठी नाव वेगाने जाते म्हणतेस. पाण्यात बसणारी लांबी १५ फूट असेल तर साधारण कमाल वेग ५.२ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर. तीच लांबी २२ फूट धरली तर ६.३ नॉट, ताशी साडेअकरा. एवढ्या फरकासाठी बंदरात जागेचं भाडं, दरवर्षी खालचा रंग आणि पावसाळ्याआधी क्रेनने बाहेर काढणं अंगावर घ्यायचं? लहान नाव ट्रेलरवर घरी येते आणि आपल्या गोठ्यात चार महिने कोरडी राहते. डिसेंबरात गोसीखुर्द धरण, फेब्रुवारीत कोकण, नाव एकच.

लहान नावेने किती दूर जाता येतं याचा पुरावा हवा तर इंग्लंडच्या फ्रँक डाय यांचा घे. १९६३ साली ते उघड्या वेफेररने स्कॉटलंडहून आइसलंडला गेले, पुढच्या वर्षी नॉर्वेला. त्या दुसऱ्या सफरीत वादळात डोलकाठी मोडली, नाव उलटली, तरी ते आणि त्यांचा साथीदार पोचले. तुम्ही तसं करावं म्हणून हे सांगत नाही. नावेत तेवढी ताकद आहे, आणि उलटली तरी दोन माणसं तिला पुन्हा सरळ करू शकतात, हे तुला कळावं म्हणून सांगतो.

आता जास्त जीव लावून शिकायची गोष्ट, शीड आखडणं, म्हणजे वारा वाढला की शिडाचं कापड कमी करणं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा २८ झाला की शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की आखडायचंच, आणि आखडू का असं मनात आलं की त्याच मिनिटाला. आधी नाव थोपव: पुढचं शीड वाऱ्याकडच्या बाजूला ओढून बांध, मोठं शीड ढिलं सोड, सुकाणूचा दांडा वाऱ्याआडच्या बाजूला बांध. नाव शांत पडते, हळूहळू आडवी सरकते. मग हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, सोडून शीड ६० सेंटिमीटरभर खाली घे, डोलकाठीकडचं आखडीचं कडं हुकात घाल, मागच्या टोकाचा दोर बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, घट्ट ओढून दोर अडकवायच्या क्लीटला बांध आणि हॅलयार्ड पुन्हा ताण. मधल्या छोट्या दोऱ्या सगळ्यात शेवटी बांधायच्या, त्याही सैल. त्यांचं काम फक्त लोंबणारं कापड गोळा करायचं. तिथे चूक होते. मागचा दोर नीट ताणला नाही तर सगळा भार त्या दोऱ्यांवर येतो आणि शीड दोऱ्यांच्या भोकांपासून फाटत जातं. हे सगळं आधी काठावर, मग वारा नसताना पाण्यात, मग अंधारात हाताने चाचपून जमलं पाहिजे.

आपल्या धरणात दुसरा धोका खुंटांचा. बुडीत क्षेत्रातली झाडं पाण्याखाली उभी आहेत. दिवाळीनंतर पाणी भरपूर असतं, मार्चपासून उतरायला लागतं आणि खुंट वर येतात. म्हणून फळी खिळीवर फिरणारीच हवी, ती खुंटावर आदळली की मागे सरकून वर येते. उभी सरळ घालायची डॅगरबोर्ड असेल तर धक्का तिच्या पेटीला बसतो, पेटी तडकते आणि पाणी आत येतं. सुकाणूचं पातंही उचलणारं घे. ते खाली धरणारी दोरी मुद्दाम बारीक ठेव, आदळल्यावर तीच तुटावी. काठावरच्या बेशरमच्या झुडपात शीड चढवून शिरू नकोस, सुकाणू अडकला की नाव वळत नाही. ढिवर लोकांची जाळी थर्माकोलच्या तुकड्यांवर किंवा बाटल्यांवर तरंगतात. ओळ दिसली की वळसा घाल. जवळ गेलीसच तर फळी आणि पातं वर घेऊन वरून सरकत जा. जाळं कापायचं नाही, ते त्यांचं पोट आहे. निघण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेत जाऊन जाळी कुठे लावली ते विचार. धरणाच्या कार्यालयाची परवानगी घे, भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब राहा. कऱ्हांडला अभयारण्याच्या काठावर मुक्काम करायचा नाही.

हिवाळ्यात इथे सकाळी पाणी सपाट असतं, अकराच्या पुढे वारा धरतो आणि सूर्य कलला की पडतो. चारपर्यंत मुक्कामाची जागा गाठ. वारा पडला तर वल्ही लागतात, या नावेला पावणेतीन मीटरची दोन पुरतात, शिवाय एक जादा. एप्रिल-मे मध्ये नाव पाण्यात टाकायचीच नाही. अवकाळीचा काळा ढग आणि धुळीची भिंत दिसल्यावर आपल्या हातात मिनिटंच असतात. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपली डोलकाठी असते, वीज तिच्यावर पडू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये ठेव.

नांगर ४ किलोचा, त्याला ३ मीटर साखळी आणि पुढे १० मिलिमीटर जाडीचा ३० मीटर नायलॉन दोर. नायलॉन ताणतं, म्हणून झटका नांगरापर्यंत जात नाही. छत्रीसारखा मिटणारा नांगर आपल्या चिकण गाळात घसरतो, रुंद पात्यांचा घे. दोर खोलीच्या पाचपट सोड, वारा असेल तर सातपट. खोली मोजताना पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंचीही धर. खुंटांमध्ये नांगर अडकतो, म्हणून त्याच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी आणि वर रिकामी बाटली बांध. सकाळी तीच ओढून सोडवायचा.

झोपायला बूम उचलून टेकूवर ठेव, वरून ताडपत्री टाक, फळीच्या पेटीच्या दोन्ही अंगाला एकेक जण. खाली ५ सेंटिमीटरचा फोम घाल, थंडी वरून लागते त्यापेक्षा खालच्या फळ्यांतून जास्त लागते. ताडपत्रीची दोन्ही टोकं उघडी ठेव, नाहीतर पहाटे श्वासाचं पाणी आतून ठिबकतं. आत शेगडी पेटवायची नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो नावेच्या तळाला साचतो. शिवाय झाकल्या जागेत जळण्यातून होणारा विषारी वायू कळतही नाही. पोळ्या, सुकी चटणी, मुरमुरे बरोबर ठेव, चहा काठावर कर. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर, कॅन मधोमध बांधून.

उलटण्याची तयारी उजेडात, उथळ नसलेल्या पाण्यात आणि सोबत दुसरी नाव असताना करा. उथळ पाण्यात डोलकाठीचं टोक गाळात रुततं आणि नाव उठत नाही. म्हणून काठीच्या टोकाला घट्ट बुचाचा १० लिटरचा रिकामा कॅन बांधा. तरंगायचं जॅकेट अंगातच, त्याची बसायची गादी करायची नाही. पाणी उपसायची बादली दोरीने बांधलेली.

पूसमध्ये ये, धानाची मळणी तोवर आटोपते. तुझ्या मैत्रिणींनाही आण.

तुझे बाबा

ता. क. पाण्यावर जाण्याआधीचा सगळ्यात मोठा धोका लिहायचा राहिला. शेतपंपांच्या विजेच्या तारा काठावर खूप खाली लोंबतात आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी ७ मीटरपर्यंत जाते. काठी उभी करण्याआधी वर बघायचं, काठी उभी ठेवून ट्रेलर हलवायचा नाही. आणि लांबून आलात तर चाकं अर्धा तास थंड होऊ द्या, गरम बेअरिंग पाण्यात बुडालं की पाणी आत ओढतं आणि ग्रीस जातं.