औषधाच्या खिडकीमागचा माणूस ओपीडीत टेबलावर बसू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी ओपीडीत औषध-सल्ल्यासाठी स्वतंत्र फार्मासिस्ट नेमण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी, म्हणजे फार्मासिस्ट, म्हणून मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यातली एक गोष्ट आधी सांगतो, मागणी नंतर करतो.

सत्तरीतल्या एक आजी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या. केसपेपर पुढे करायच्या, मी पट्टी कापून द्यायचो, ‘सकाळी एक’ म्हणायचो, त्या मान हलवायच्या. मग दोन महिने आल्याच नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्यांचा मुलगा आला, हातात गोळ्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. आजी रात्री लघवीला उठल्या, चक्कर येऊन पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. यातल्या कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या, एवढंच त्याला विचारायचं होतं.

खिडकीच्या कठड्यावर आम्ही ती पिशवी उलटी केली. आमची अ‍ॅम्लोडिपिन होती. तालुक्याच्या खासगी दवाखान्यातून मिळालेली बीपीची दुसरी गोळी होती. तिच्या नावावरून काही कळत नव्हतं, पण मागची बारीक अक्षरं वाचली तर आत टेल्मिसार्टनसोबत पुन्हा अ‍ॅम्लोडिपिनच. म्हणजे आजी रोज दुप्पट घेत होत्या. या औषधानं काहींच्या घोट्यांना सूज येते आणि डोस वाढला की जास्त येते. सूज दिसली म्हणून तिसऱ्या ठिकाणी लघवीची गोळी सुरू झाली होती. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी होती, ती वेगळीच. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक एकत्र आली की म्हाताऱ्या माणसाची किडनी धोक्यात येते, हे फार्मसीच्या पुस्तकात आहे. प्रत्येकानं आपल्यासमोर दिसलं त्यावर औषध दिलं होतं, पण सगळी औषधं एका जागी मांडून कोणी पाहिली नव्हती. ते मी करायला हवं होतं. तेवढं शिक्षण मला होतं. पण त्या आजींना ‘घरात आणखी काय काय घेता?’ असं मी एकदाही विचारलं नाही. आज निवृत्त झाल्यावरही ते मला टोचतं.

का विचारलं नाही, तेही सांगतो. आठवडी बाजाराच्या दिवशी चार तासांत अडीचशे केसपेपर खिडकीवर यायचे, म्हणजे माणशी एक मिनिटही नाही. त्यातच साठा मोजायचा, मुदत संपत आलेला माल वेगळा काढायचा, मागणीपत्रं भरायची, संगणकावर नोंदी करायच्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण मोफत मिळालेली गोळी घरी जाऊन कशी घेतली जाते, ते पाहायला आजही कोणी नेमलेलं नाही.

कायदा मात्र यात मागे नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार रुग्णाशी औषधांबद्दल स्वतः बोलणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. २००८ पासून आपल्या देशात फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. ही मुलं वॉर्डात उभं राहून नेमकं हेच काम शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं आवाहन केलं होतं. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या प्रत्येक रुग्णाची औषधं दर महिन्याला फार्मासिस्टनं तपासायची, असा नियमच आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणतात ते वेगळं, अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची कायमची देखभाल होते. आपली म्हातारी माणसं घरी असतात आणि ओपीडीत येतात, म्हणून ही तपासणी ओपीडीतच व्हायला हवी.

टेबलावर बसलेला फार्मासिस्ट काय करेल? आधी पिशवी मागेल. काढा, चूर्ण, मेडिकलमधली गोळी, शेजाऱ्यानं दिलेली गोळी, सगळं. मग इन्सुलिन घेणाऱ्याला सिरिंज दाखवायला सांगेल. हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलं की अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम खाली येते. उलट झालं तर डोस अर्ध्याहूनही कमी पडतो आणि ‘औषध लागू पडेना’ म्हणून तो वाढवला जातो. दोन मिनिटं समोर बसून पाहिलं तर हे कळतं, केसपेपरवरून कधीच कळणार नाही. टीबीचा रुग्ण रिफाम्पिसिन घेत असेल तर मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. हे अशा गोळ्या घेणाऱ्या बाईला कोणीतरी शांतपणे, एका बाजूला घेऊन सांगायला हवं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. आणि पुरवठादार बदलला की आपल्याच गोळीचा रंग आणि पट्टी बदलते. मग लोक जुनी आणि नवी दोन्ही घेतात, नाहीतर ‘ही माझी नाही’ म्हणून दोन्ही सोडतात.

माझी मागणी छोटी आहे. सुरुवातीला दोन जिल्हे घ्या. तिथल्या प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या ओपीडीच्या दिवशी एक फार्मासिस्ट फक्त या कामाला बसवा. त्याला भांडाराचं काम देऊ नका, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात तो साठा मोजताना दिसेल. पाचपेक्षा जास्त औषधं घेणारे, इन्सुलिनवरचे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, किडनीचे आणि नुकतेच घरी सोडलेले रुग्ण आधी त्याच्याकडे पाठवा. त्यानं आपलं म्हणणं केसपेपरवर लिहावं, निर्णय डॉक्टरांचाच राहील. डॉक्टरांना ही ढवळाढवळ वाटेल, अशी भीती मला अनेकांनी घातली. माझा अनुभव वेगळा आहे. खिडकीतून उठून जाऊन विचारलं तेव्हा बहुतेक वैद्यकीय अधिकारी ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणाले. पण उठून जायला वेळच मिळत नव्हता.

दुष्परिणाम कळवायला देशाची फार्माकोव्हिजिलन्सची (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याच्या कामाची) १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर त्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावावा. आणि टेबलावर एक वही ठेवावी, तिच्यात सापडलेल्या चुका रुग्णाचं, डॉक्टरचं किंवा नर्सचं नाव न घालता लिहाव्यात. त्या चुकांवरून कोणालाही कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, असं आपण लेखी द्यावं. तसं दिलं नाही तर वही कोरी राहील.

सहा महिन्यांनी त्या वह्या मागवून घ्या आणि अहवाल तयार होण्याआधी त्यांची चार पानं स्वतः वाचा.

आपला नम्र,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी