संध्याकाळी एक वर्ग उघडून द्या

दारू सोडणे आणि सुटलेली टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. माझे यजमान व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले, पण खरी परीक्षा पगाराच्या संध्याकाळी होती. त्यांना सावरले ते अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांनी. १९३५ साली अमेरिकेत दोघा मद्यपींनी एकमेकांना आधार देत सुरू केलेली ही रीत. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ‘फक्त आजचा दिवस प्यायची नाही’ हे त्याच वाटेने गेलेल्या माणसाने सांगितले की आत पोचते. आमचे रडणे, शपथा कधीच पोचल्या नव्हत्या. (मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या अशाच सभा आहेत, बायकांनी जरूर जावे.) लहान गावांत मात्र सभेला जागा मिळणे कठीण. नगरपालिकांनी शाळेचा एक वर्ग आठवड्यातून दीड तास उघडून द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा