लक्ष्मी रस्ता वर्षातून एकच दिवस का?

पुणे महापालिका 2021पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवते. त्या दिवशी मुलाचा हात सोडून चालता येते, मान वर करून आजूबाजूला पाहता येते. एरवी तेथे नजर मागून येणाऱ्या दुचाकीवरच असते. सप्टेंबर 2024मध्ये मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आल्यामुळे, गाडी नसेल तर तुळशीबागेत यायचे कसे, ही सबबही आता बरीच लंगडी झाली आहे.

तेव्हा निदान शनिवार-रविवारी सायंकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत हा पट्टा केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवावा. मालाच्या गाड्यांना सकाळची वेळ द्यावी, रुग्णवाहिकांसाठी वाट मोकळी असावी आणि पेठांतील रहिवाशांना परवाने द्यावेत. दुकानदारांची गिऱ्हाईक तुटण्याची भीती समजण्यासारखी आहे, पण खरेदी चालणारा माणूसच करतो. शनिवारवाडा पाहून आलेल्या पर्यटकालाही रात्री निर्धास्त रेंगाळता येईल. मात्र मोकळ्या झालेल्या रस्त्यावर पुन्हा पथारी आणि पार्किंग येणार नाही, याची हमी आधी द्यावी.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे