माशाचा वास आणि लोफोतेन

ट्रोम्सो, नॉर्वे
24 एप्रिल

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. फोन करणारच होतो, पण मध्येच आम्ही एक्स्चेंजची आठ पोरं लोफोतेनच्या बेटांवर जाऊन आलो. तिथे जे पाहिलं ते फोनवर घाईघाईत सांगायचं नाही असं बोटीवरच ठरवून टाकलं. म्हणून हे पत्र. लांबेल, पण तू वाचशील.

ट्रोम्सोहून किनाऱ्याने जाणारी बोट रात्री दीडला सुटते. 1893 पासून ही सेवा चालू आहे. माल, माणसं घेऊन बंदराबंदराला थांबत जाते, अगदी आपल्या एसटीसारखी. केबिनचे पैसे कोणाकडेच नव्हते. वरच्या मजल्यावर काचेपाशी खुर्च्यांतच झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट राफ्टसुंदच्या चिंचोळ्या पाण्यात शिरली आणि सगळे बाहेर डेकवर धावले. काय सांगू तुला! दोन्ही बाजूंना बर्फाचे कडे, थेट पाण्यातून उठलेले. आपल्याकडे समुद्र आणि सह्याद्री यांच्या मध्ये अख्खं कोकण बसतं. इथे दोघांच्या मध्ये एक घर बसेल एवढीच जागा, आणि त्या जागेत खरोखरच एक लाल घर असतं.

ती लाल घरं म्हणजे रोरबू. रो म्हणजे वल्हवणं, बू म्हणजे बिऱ्हाड. लांबून वल्हवत आलेल्या कोळ्यांना हंगामापुरती राहायला जागा. एस्टाइन नावाच्या राजाने 1120 च्या सुमारास इथे पहिल्यांदा अशी घरं बांधून घेतली. कॅबेलवॉग गावात त्याचा पुतळा आहे. कोळ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून आठवणीत राहिलेला राजा! मी त्या पुतळ्यापाशी बराच वेळ थांबलो, बाकीचे गाडीत बसून हॉर्न देत होते.

आता खरी गोष्ट. स्वॉल्वेरहून गाडी काढली आणि दहा मिनिटांत रस्त्याच्या कडेला लाकडाच्या मांडण्या दिसायला लागल्या. उभ्या-आडव्या ओंडक्यांची, दोन पुरुष उंच, नुसती उघडी चौकट. तिला येल म्हणतात. आणि तिच्यावर मासे, बंड्या, हजारो मासे. मुंडकी काढलेले कॉड, दोन-दोन शेपट्या एकत्र बांधून दांडीवर टाकलेले. वारा आला की एकमेकांवर आपटून लाकडासारखा खडखड आवाज होतो. गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला.

मी डोळे मिटले, तर मी अर्णाळ्यात होतो. सुरूच्या झाडांच्या अलीकडे, बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या, आई खालून बोंबील देतेय आणि आपण दोघं एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून टांगतोय. आपण जबड्याला जबडा लावतो, ते शेपटीला शेपटी बांधतात. एवढाच फरक.

म्हणजे आणखी एक आहे. आपण ऊन वापरतो, ते थंडी. हा मासा, त्याला स्क्रेई म्हणतात, जानेवारीपासून बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला इथे येतो. फेब्रुवारीपासून तो टांगतात तो थेट मे-जूनपर्यंत. मीठ नाही, चूल नाही. ही बेटं आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहेत, तरी समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे या महिन्यांत पारा शून्याच्या आसपास राहतो. जास्त गोठलं तर मांस फुटतं, ऊब वाढली तर माश्या बसतात. मधल्या त्या थोड्या अंशांवर हजार वर्षांचा धंदा उभा आहे. सुकल्यावर माशातलं सुमारे 80 टक्के पाणी गेलेलं असतं, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. तिथला एक माणूस दांडीखाली उभा राहून आभाळाकडे बघत होता. ते बघणं मी ओळखलं. अवकाळी पाऊस आला त्या डिसेंबरात तुझे बाबा असेच उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बोंबील खड्ड्यात पुरायला लागले होते.

आमच्यातल्या एकाने नाकाला मफलर लावला. त्यात वाईट हेतू नव्हता. त्या माणसाने ते पाहिलं आणि सरळ म्हणाला, हा पैशाचा वास आहे. लोफोतेनमध्ये सगळेच असं म्हणतात असं नंतर कळलं. पण तो ज्या सहजपणे बोलला, मान ताठ ठेवून, त्याने माझ्या पोटात कालवलं.

तुला आठवतं ना, अकरावीत असताना आई आणि मी विरारहून एकाच लोकलने जायचो. ती पाटी घेऊन मालडब्यात, मी चार डबे सोडून. दादरला ती उतरताना मी पाठ करून उभा राहायचो, कॉलेजची मुलं बरोबर असायची म्हणून. तिने कधी विचारलं नाही. तू एकदाच विचारलंस, आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नाही. तेव्हा तुझंच बरोबर होतं.

त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं. माझी आई हेच करते, असंच बांधते, असंच आभाळाकडे बघते आणि मग डोक्यावर पाटी घेऊन विकते. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग आमच्यातली इटालियन मुलगी बोलायला लागली. ती व्हेनिसकडची. तिची आजी हाच मासा दिवसेंदिवस भिजवून दुधात आणि ऑलिव्ह तेलात शिजवते. क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून 1432 मध्ये इथल्याच रॉस्ट बेटाजवळ लागला, कोळ्यांनी त्याला जगवलं, आणि तो परतताना हा मासा घेऊन गेला, ही गोष्ट तिने शाळेत असताना ऐकलेली. आज सर्वांत जास्त माल इटलीलाच जातो. मुंडकी वेगळी सुकवतात, ती नायजेरियाला. सुकलेल्या माशाची वीसेक दर्जांत प्रतवारी होते, ती करतो एक अनुभवी माणूस, नुसत्या नजरेने, हाताने आणि वासाने. आपल्या घोलवडच्या चिकूला मिळालंय तसं भौगोलिक मानांकनही या माशाला आहे. बोंबलाला का नसावं, सांग? हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

धक्क्यावर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी कॉडच्या जिभा कापत होती. पुढे लोखंडी खिळा, त्यावर मुंडकं अडकवायचं, सुरीचा एक फिरका, जीभ बादलीत, पुढचं मुंडकं. हात थांबत नव्हता. हे काम इथे पोरंच करतात, पूर्वीपासून, आणि पैसे त्यांचेच. आपण सोडे सुकवायच्या आधी कोलंबी सोलायला बसायचो तशीच, पाय पसरून. मी बघतोय म्हणून तिने एकदा सुरी पुढे केली. मला तीन जमल्या.

डोंगराचं थोडक्यात सांगतो. रेईने गावावर रेईनेब्रिंगेन नावाचा 448 मीटरचा कडा आहे. चढायला नेपाळच्या शेर्पांनी येऊन रचलेल्या 1978 दगडी पायऱ्या. आम्ही निघालो, पण वरच्या अंगाला बर्फ होता, पायऱ्या दिसेनात. मला जायचंच होतं. आमच्यातल्या एकाने खिशातून चॉकलेट काढलं आणि वेष्टनाची आतली बाजू दाखवली. इथे डोंगरात वागायचे नऊ नियम त्यावर छापलेले असतात. आठवा नियम : वेळेत माघारी फिरा, परत फिरण्यात लाज नाही. तिथेच बसून ते चॉकलेट आणि संत्री खाल्ली. खाली फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचं पाणी, त्यात गाव, गावाभोवती मांडण्या. शेवटपर्यंत न जाताही पुष्कळ दिसलं. हेनिंग्सवेरला तर फुटबॉलच्या मैदानाभोवतीही मासे टांगलेले असतात. फोटो पाठवतो.

मी जूनच्या शेवटी येतोय. तेव्हा पावसाळी मासेमारीबंदी असेल, होड्या वर ओढलेल्या असतील, आणि घरात सुकं तेवढं असेल. एक अख्खा तोर्रफिस्क, म्हणजे हाच सुकवलेला कॉड, आणतोय. आईला सांग, मोठं पातेलं काढून ठेव, आठवडाभर भिजवावा लागतो आणि पाणी रोज बदलावं लागतं. तिला तो कसा वाटतो ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

आणि पत्रातला लोकलचा भाग तिला वाचून दाखव. मी समोर बसून सांगेनच, पण आधी तुझ्या आवाजात तिच्या कानावर जाऊ दे. काकूंना नमस्कार.

तुझाच,
पक्या