वजीरच्या बाईंना, बीडहून

आदरणीय ॲनालेना टोनेली बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचलं असतं तरी ते तुम्हाला फारसं रुचलं नसतं. 2001 च्या अखेरीला व्हॅटिकनमधल्या एका परिषदेत तुम्हाला बोलतं केलं, तेव्हा तुम्ही नाव सांगितलंत, जन्मतारीख सांगितलीत आणि पुढे आपल्याकडे काय काय नाही तेच सांगत गेलात. धर्मभगिनींच्या कुठल्या संघात नाही, कुठल्या संस्थेची नाही, पगार नाही, म्हातारपणासाठी कुठे चार पैसे भरत नाही. लग्न केलं नाही, तेही तरुणपणी आनंदानं ठरवून. असल्या बाईचं कौतुक करायचं म्हणजे अवघडच. पण मी कौतुकाला बसलेलो नाही. आमच्या घरातलं एक माणूस तुम्ही केनियाच्या वाळवंटात क्षयरोग्यांसाठी लढवलेल्या युक्तीमुळे जगलंय, त्याची पोच द्यायची राहिली होती.

आमची आई ऊसतोडीला जायची. टोळीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो ती या जोडीला, आणि गळीत संपेपर्यंत ती ऊस तोडून फेडायची. दोघांतलं एक आजारी पडलं की अर्धाच कोयता राहतो. आजारपणाची सुट्टी असला प्रकार फडात नसतो. खाडा झाला की पैसे कापले जातात. 2008 च्या गळितात आईला खोकला धरला. पहाटेच्या दवात उसाच्या पाचटात उभी राहणारी प्रत्येक बाई खोकतेच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळचा ताप यायला लागला, परकरपोलक्यातून हाडं दिसायला लागली, आणि एक दिवस कोपीच्या, आमच्या झोपडीच्या, मागं जाऊन ती थुंकली ते लाल होतं. तिनं ते मातीनं झाकलं. मी पाहिलं म्हणून कळलं.

आमच्या घराला या रोगाची, क्षयाची, ओळख होती. आजीचा धाकटा भाऊ त्यानंच गेला. त्याच्या वेळी उपचार वर्ष-दीड वर्षाचा असायचा, इंजेक्शनं टोचून घ्यायची आणि रोज गोळ्या. तो गावात होता तोवर घेत होता. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, भाकरी गोड लागायला लागली, आणि टोळी निघाली तसा तोही निघाला. पुढच्या पावसाळ्यात रोग परत आला तो औषधाला न जुमानणारा होऊन. दवाखान्यात त्याला सगळे ओरडले. अडाणी, बेजबाबदार, गोळ्या सोडून पळाला. तो काही बोलला नाही म्हणे. काय बोलणार? गोळ्या गावात होत्या आणि पोट दोन जिल्हे पलीकडं.

आईचा बेडका तपासला, त्यात जंतू निघाले. ज्या गावाच्या शिवारात आमच्या कोप्या होत्या तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी विचारलं, ‘रोज पहाटे फडावर कुठल्या रस्त्यानं जाता?’ रस्त्यावर एक किराणा दुकान होतं. त्या दुकानदाराकडं आईच्या नावाचा गोळ्यांचा डबा ठेवला गेला. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, पहाटे आई दुकानापुढं थांबायची, तो शटर अर्धं वर करायचा, पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि तिनं सगळ्या गोळ्या गिळल्या हे बघून कार्डावर खूण करायचा. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही, हेही नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. नाहीतर आईनं त्याच दिवशी डबा ओढ्यात टाकला असता, ही माझी खात्री आहे. गळीत संपलं तेव्हा उरलेल्या गोळ्या आणि कार्ड आमच्या गावच्या अंगणवाडीताईंकडं गेले. कोर्स पुरा झाला. आई आज शेळ्या राखते आणि माझ्या बायकोला स्वयंपाकातल्या चुका दाखवते.

या सगळ्याला डॉट्स म्हणतात एवढं आम्हाला तेव्हा माहीत होतं, कारण भिंतीवर लिहिलेलं होतं. ते कुणाच्या अनुभवातून आलं हे मला शिक्षक झाल्यावर, पोरांना क्षयरोगाचा धडा शिकवताना जरा खोलात वाचलं तेव्हा कळलं. आणि तिथं तुम्ही भेटलात. डॉक्टर नव्हे, धर्मभगिनी नव्हे. इटलीतल्या फोर्ली गावची, कायद्याची पदवी घेतलेली एक साधी कॅथलिक बाई, जी 1969 च्या जानेवारीत शाळा शिकवायला म्हणून केनियात गेली आणि ईशान्येच्या वाळवंटात, वजीरला, सोमाली भटक्यांमध्ये राहिली.

तिथंही आमच्यासारखीच गत. उंट आणि शेळ्या घेऊन पाण्यामागं फिरणारी माणसं. क्षय म्हणजे देवाचा शाप, म्हणून सांगायचं नाही, लपवायचं. औषध दिलं तर महिन्याभरात कळप हलणार आणि माणूसही हलणार. भटक्यांना हा उपचार झेपत नाही, असं म्हणून फाइल बंद करायची सोय होती. 1976 मध्ये भटक्यांमधल्या क्षयावरचा जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रायोगिक प्रकल्प तुमच्याकडं आला. तुम्ही अपंग मुलांच्या ज्या केंद्रात काम करत होतात त्याच्यासमोरच्या वाळवंटाच्या तुकड्यावर रुग्णांना त्यांचं पाल आणून ठोकायला सांगितलंत. खाटांचा वॉर्ड नाही, गणवेश नाही. वाकवलेल्या काठ्या आणि चटयांचं त्यांचं त्यांचंच घर, तिथं मन्याट्टा म्हणतात तशी वस्ती, आणि त्या वस्तीत रोज समोर उभं राहून गोळी. तोवर रिफाम्पिसिनसारखी औषधं आली होती, त्यामुळे दीड वर्षाचं काम सहा महिन्यांत होऊ शकत होतं. सहा महिने भटका माणूस एका जागी थांबू शकतो, जर ती जागा त्याला आपली वाटली तर. हा हिशेब तुम्ही बरोबर मांडलात.

सगळं श्रेय तुमचं नाही, हे सांगितलं पाहिजे. तुम्हीही तेच म्हणाला असतात. घरी राहून क्षय बरा होतो हे 1959 मध्ये आपल्या मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं होतं. टांझानियात डॉक्टर कारेल स्टिब्लो यांनी सबंध देशाची क्षयोपचाराची यंत्रणा उभी करून दाखवली. पूर्व आफ्रिकेतच सहा महिन्यांच्या उपचाराच्या चाचण्या झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 च्या दशकात डॉट्स जगभर नेलं त्यात या सगळ्यांचा वाटा. भारतात ते 1997 पासून पसरत 2006 पर्यंत देशभर पोचलं, म्हणून 2008 मध्ये आईच्या वाट्याला आलं. पण या सगळ्यांत, रोगी फिरस्ता असेल तर काय, हा प्रश्न रोग्याच्या दारात राहून सोडवणाऱ्या तुम्ही. आमच्यासारख्यांना तोच प्रश्न महत्त्वाचा.

तुमच्याबद्दल जे वाचायला मिळतं त्यात त्याग फार असतो आणि डोकं कमी. किती कमी झोपायच्या, किती कमी खायच्या, दोन कपड्यांवर कशा राहायच्या. खरं असेल. पण उपाशी राहून कुणाचा क्षय बरा होत नाही. माझ्या मते तुमचा मोठा गुण हा, की गोळ्या सोडणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी गोळ्या कुठं ठेवल्यात ते तुम्ही पाहिलंत. दया पुष्कळांना येते. दया आल्यावर बसून वेळापत्रक कोण आखतं? तुम्ही कायदा शिकलेल्या असून पुढं केनियात क्षयनियंत्रणाचा, इंग्लंडात उष्ण कटिबंधातल्या रोगांचा, स्पेनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करून पदविका घेतल्यात. गरिबाची सेवा करायला निघालेल्या माणसानं आधी नीट शिकून घ्यावं, यालाही मी भक्तीच धरतो.

आणि त्या वस्तीत तुम्ही वर्ग चालवलेत. अक्षरओळख, इंग्रजी आणि कुराण. इथं मी दोनदा थांबून वाचलं. स्वतः येशूसाठी सगळं सोडून आलेली बाई रुग्णांसाठी कुराणाचे वर्ग लावते. सहा महिने शापित म्हणून बसून काढायचे त्याऐवजी माणूस शिकून घरी जायचा, आणि शिकून आलेल्याला कुटुंब जरा वेगळ्या नजरेनं बघायचं. एक म्हातारा सोमाली प्रमुख तुम्हाला म्हणाला होता, आम्हा मुसलमानांकडं श्रद्धा आहे आणि तुमच्याकडं प्रेम. तुमच्या स्वतःच्या श्रद्धेला मात्र तिथं सोबत नव्हती. पुढं सोमालीलँडमधल्या बोरामाला तर वर्षातून दोनदा, नाताळ आणि ईस्टरच्या सुमाराला, जिबुटीचे बिशप यायचे आणि तुमच्या एकटीसाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, व्हायची. त्यात तुमचं गांधींवर प्रेम. सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा धुणारे गांधी आम्हाला शाळेत भेटतात आणि परीक्षेनंतर सुटतात. तुम्हाला ते इटलीत भेटले आणि सुटले नाहीत.

आता एक गोष्ट, जी गुणगान करणारे जरा घाईनं उरकतात. 1984 च्या फेब्रुवारीत केनियाच्या सैन्यानं वजीरजवळच्या वागाल्ला धावपट्टीवर देगोदिया या सोमाली कुळातल्या पुरुषांना गोळा केलं, अन्नपाण्याविना उन्हात ठेवलं आणि गोळ्या घातल्या. सरकार कित्येक वर्षं 57 मेले म्हणत राहिलं. तिथली माणसं आकडा त्याच्या कित्येक पट सांगतात. तुम्ही जखमींना उचलून आणलंत, प्रेतं पुरलीत, आणि झाल्या प्रकाराची बातमी बाहेर पोचवलीत. त्यापायी 1985 मध्ये तुम्हाला देश सोडावा लागला. सेवा करणाऱ्या बाईनं सेवा करावी, सरकारच्या भानगडीत पडू नये, असा सल्ला आमच्याकडंही मिळतो. गोळ्यांचा डबा देणारी बाई आणि साक्ष देणारी बाई एकच असू शकते, हे तुम्ही दाखवलंत, आणि त्याची किंमत पंधरा वर्षांच्या घरादाराएवढी होती.

मग सोमालिया. बेलेतवेन, यादवीतलं मोगादिशू, मर्का. मर्कात तुमच्या जागी आलेल्या डॉक्टर ग्राझिएला फुमागाल्ली यांना 1995 मध्ये मारलं. पुढच्याच वर्षी तुम्ही सोमालीलँडमध्ये बोरामाला जाऊन पुन्हा क्षयाचं रुग्णालय उभं करायला लागलात, दोनशेहून जास्त खाटांचं. बहिऱ्या मुलांची शाळा, मोतीबिंदूची शिबिरं, मुलींच्या सुंतेविरुद्धचं काम, एचआयव्ही रुग्णांवर उपचार. त्या शेवटच्या कामावरून लोक चिडले, दगड आले. तुम्ही राहिलात. 2003 मध्ये निर्वासितांसाठीच्या कामाबद्दलचा नॅन्सन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी 5 ऑक्टोबरच्या रात्री रुग्णालयाच्या आवारातच तुम्हाला गोळी घातली. साठ वर्षांच्या होतात.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मारलं हे ऐकून तिनं हात थांबवला, ‘मेल्याचं वाटोळं झालं’ म्हणाली, आणि मग विचारलं, ‘पगार नव्हता तर तिला जेवायला कोण घालायचं?’ चांगला प्रश्न होता, मला सुचला नव्हता. म्हटलं, तिच्या गावची माणसं. कॉलेजात असताना तिनं आणि तिच्या सोबत्यांनी फोर्लीत भुकेविरुद्ध एक समिती काढली होती, तीच पुढं तिच्या कामाला पैसे पुरवत राहिली. आईला ते पटलं. गावानं पोसलेली बाई, हे तिला लगेच कळतं.

आमच्याकडं आता रोज गोळ्या देतात, दिवसाआड नाही. रुग्णाला खाण्यासाठी म्हणून सरकारकडून महिन्याला पैसे येतात, आधी पाचशे होते, आता हजार. टोळ्या मात्र तशाच दिवाळीला निघतात. त्यामुळे दरवर्षी सहामाही परीक्षेच्या सुमाराला मी वर्गात विचारतो, घरात कुणाच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत का. वर्गात कुणी हात वर करत नाही; मधल्या सुट्टीत एखादं पोर व्हरांड्यात घुटमळतं. मग आशाताईंना गाठायचं, मुकादमाकडून तळ कुठल्या गावाला पडणार ते काढायचं, तिथल्या आरोग्य केंद्राला फोन लावायचा आणि गोळ्या माणसाच्या आधी तिथं पोचतील असं बघायचं. कधी जमतं, कधी मुकादम ऐनवेळी कारखाना बदलतो आणि सगळं पहिल्यापासून.

यंदा दोघांचे कागद गेले आहेत. तिसऱ्या घरची टोळी परवा पहाटे निघते आणि तिकडच्या केंद्रावर अजून कुणी फोन उचललेला नाही, तेव्हा पत्र इथंच आवरतो.

आभारी आहोत, आई आणि मी.

आपला,
ऊसतोड कामगाराचा मुलगा, एक शाळामास्तर