बालकर्करुग्णांच्या पालकांनाही बुडीत मजुरी मिळावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कर्करोगावरील उपचारांसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५मध्ये सर्वंकष धोरण मंजूर केले आणि निवडक शासकीय रुग्णालयांतून हे उपचार टप्प्याटप्प्याने उपलब्ध करण्याचे ठरवले, याचे मी मनापासून स्वागत करते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षणही दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढले आहे. केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया यांचा खर्च कोठून आणायचा, या प्रश्नाला निदान एक उत्तर आता आहे. मात्र परळ परिसरात राहणारी आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना काही वर्षे शिकवत आलेली निवृत्त शिक्षिका या नात्याने मला नमूद करावेसे वाटते की, या मुलांची घरे ज्या खर्चाखाली मोडतात तो बहुतांशी कोणत्याच बिलावर दिसत नाही. राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा तो खर्च आहे, आणि त्यासाठी आपल्या व्यवस्थेत आजही जवळजवळ काहीच तरतूद नाही.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्यातही अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार. योग्य उपचार पूर्ण झाले तर यातली बहुसंख्य मुले बरी होतात, पण हे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. त्यांतले पहिले सहा-आठ महिने अतिशय कडक असतात. केमो दिली की आठ-दहा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. पालकांच्या भाषेत ‘काउंट पडतात’. त्या काळात ताप शंभराच्या वर गेला, तर काही तासांच्या आत मुलाला अँटिबायोटिकचे इंजेक्शन मिळावे लागते, नाहीतर जंतुसंसर्ग जिवावर बेततो. म्हणजे डॉक्टरांनी मुलाला वॉर्डातून सोडले तरी त्याला गावी नेता येत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावरून इतक्या वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचणे अशक्यच असते. त्यातच आज रक्त तपासणी, परवा पाठीतले इंजेक्शन, मध्येच प्लेटलेट चढवणे, असे रुग्णालयाचे हेलपाटे चालूच राहतात. राहायची जागाही कशीही चालत नाही. पाणी उकळून घ्यावे लागते, जेवण ताजे आणि घरी शिजवलेले असावे लागते आणि गर्दी टाळावी लागते. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर संसार मांडून बसलेल्या कुटुंबाला यातले काय पाळता येईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

एवढे महिने आई आणि बहुधा वडीलही मुलासोबत असतात, तेव्हा घरी कमावते कोण? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबाचे उदाहरण घेऊ. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या जोडीवर. बायको मुलाला घेऊन मुंबईला आली की कोयता मोडतो, अंगावरची उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाआधीच कर्ज वाढलेले असते. नाक्यावर उभा राहणारा बिगारी असो की सात घरची धुणीभांडी करणारी बाई, रोजंदारीवर जगणाऱ्या कोणाचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या आजारपणासाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि ती योग्यच आहे. पण ज्यांना रजा हा शब्दच लागू होत नाही, त्यांच्यासाठी काय? शेळ्या विकल्या जातात, दागिने गहाण पडतात, थोरल्या मुलीची शाळा सुटते आणि ती धाकट्यांना सांभाळायला घरी बसते. या थोरल्या बहिणींविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहीत आहे.

याचा संबंध थेट मुलाच्या जगण्याशी आहे. सलग चार आठवडे किंवा अधिक काळ उपचार चुकले, तर डॉक्टर त्याला ‘उपचार सोडणे’ असे म्हणतात. असे उपचार सुटून रक्ताचा कर्करोग परतून आला की तो बरा करणे कितीतरी अवघड होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात एके काळी पाचांतले जवळपास एक मूल उपचार अर्धवट सोडून जात असे. तिथल्या बालकर्करोग विभागाने ‘इम्पॅक्ट’ हा उपक्रम सुरू करून आर्थिक मदत, निवास, पोषण आहार, समुपदेशन आणि तारीख चुकवणाऱ्या कुटुंबांना फोन करून परत बोलावणे, ही सारी कामे उपचारांचाच भाग मानली आणि काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणले. आईवडील अज्ञानी असतात, देवऋषीच्या नादी लागतात, असे आपण सहज बोलून जातो. काही जण लागतही असतील. पण निवारा, जेवण आणि धीर मिळाल्यावर तीच माणसे शेवटपर्यंत टिकतात, हे या अनुभवाने दाखवून दिले आहे.

आज हा भार प्रामुख्याने सेवाभावी संस्था उचलतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६मध्ये मुंबईत आठ कुटुंबांच्या निवासापासून सुरू झालेली आणि आता अनेक शहरांत पसरलेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स, यांच्या कार्याबद्दल लिहावे तेवढे थोडे. सेंट ज्यूडच्या केंद्रांत प्रत्येक कुटुंबाला स्वच्छ जागा आणि स्वतःच्या हाताने मुलाला शिजवून घालण्यासाठी ओटा मिळतो. हे बाहेरच्याला किरकोळ वाटेल. पण केमोने तोंड आलेल्या मुलाला चार घास मऊ भात भरवता येणे ही त्या आईच्या दृष्टीने दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट असते. तरीही या संस्था देणग्यांवर चालतात आणि त्यांच्या खोल्या मोजक्याच आहेत. २०२१मध्ये म्हाडाच्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचे ठरले, तेव्हा स्थानिकांच्या विरोधामुळे आधी ठरलेली जागा बदलावी लागली, याचे मला परळकर म्हणून आजही वाईट वाटते. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हे आपल्या सोसायट्यांच्या सभांमधून आजही सांगावे लागते, हीसुद्धा दुःखाचीच बाब आहे.

माझी मागणी एकच आहे आणि ती नवी नाही. नवसंजीवन योजनेखाली आदिवासी भागातील तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात दाखल केल्यावर त्याच्याजवळ राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व आपल्याच राज्याने मान्य केलेले आहे. क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा थेट खात्यात रक्कम देणारी निक्षय पोषण योजना २०१८पासून देशभर चालू आहे आणि तिची रक्कम पाचशेवरून एक हजार रुपये करण्यात आली आहे. या दोन्ही योजनांमागे हाच विचार आहे की, औषध फुकट असले तरी घरातली चूल विझली तर उपचार पूर्ण होत नाहीत. तोच विचार कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना लागू करावा आणि उपचारांच्या कडक टप्प्यात एका पालकाला किमान वेतनाच्या प्रमाणात बुडीत मजुरी आणि मुलाला पोषण भत्ता द्यावा. खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही, कारण भारतातील एकूण कर्करुग्णांमध्ये मुलांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आहे.

ही योजना आखताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही, ती म्हणजे मदत रुग्णालयात दाखल असलेल्या दिवसांशी बांधू नये. मुलांची बरीचशी केमोथेरपी डे-केअरमध्ये होते. सकाळी सलाइन लागते, संध्याकाळी सुट्टी मिळते. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एका वेळचे भाडे धरलेले असते, पण ते फक्त रुग्णाचे. सोबतची आई आणि मधल्या काळातले भाड्याच्या खोलीतले दिवस त्यात कुठेच नाहीत. म्हणून उपचारांच्या आराखड्यानुसार किती महिने रुग्णालयाजवळ राहणे आवश्यक आहे, याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे आणि पुढचे काम रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडे सोपवावे. उत्पन्नाचा दाखला आणायला बापाला पुन्हा तहसील कार्यालयात पाठवू नये. केशरी किंवा पिवळी शिधापत्रिका पुरेशी समजावी. रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, परंतु ही गोष्ट अनेक पालकांना बऱ्याच फेऱ्या झाल्यावर कळते. निदान झाल्याच दिवशी हे सारे कागद एका खिडकीवर हातात पडले पाहिजेत.

नव्या धोरणानुसार जिल्ह्यांजवळ केंद्रे उभी राहतील तेव्हा प्रत्येक केंद्राच्या आराखड्यात मुलांच्या कुटुंबांसाठी निवास आणि सामायिक स्वयंपाकघर पहिल्यापासून धरावे. इमारत पूर्ण झाल्यावर त्यासाठी जागा शोधणे किती कठीण असते, हे मुंबईने पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये जे उद्दिष्ट ठेवले, ते २०३०पर्यंत जगातील कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे आहे. ती मुदत आता जवळ आली आहे.

येत्या अर्थसंकल्पात सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांनी मिळून या बुडीत मजुरीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष निर्माण करावे, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. पहिला हप्ता निदानानंतर पंधरा दिवसांच्या आत खात्यात जमा व्हावा, कारण गावाहून निघताना उसने घेतलेले पैसे बहुतेकांचे पहिल्या महिन्यातच संपतात आणि परत जायचे की राहायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे तेव्हाच उभा राहतो.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
परळ, मुंबई