सुमीस, एका आडनावापायी

प्रिय सुमे,

गणपतीत लिहिते म्हणाले होते, दिवाळीही उरकली. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, यांची शुगर आटोक्यात.

मी ते घरबसल्या काम घेतलंय ना, अनवट नावं इंग्रजी वाक्यांत घालून द्यायचं? मुलं ती वाक्यं मोठ्यानं वाचून उच्चार शिकतात. त्यात परवा आलं ‘श्पुर्त्सहाइम’. नान्याला दाखवलं, तर म्हणे सर्दीचं सिरप वाटतंय.

हा योहान गास्पार श्पुर्त्सहाइम. १७७६ सालचा, जर्मनीत ट्रियरजवळचा. व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रान्झ योझेफ गालचा आधी मदतनीस, मग भागीदार, मग फाटलं. कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगायचं ते फ्रेनॉलॉजीचं खूळ यानंच गावोगाव व्याख्यानं देऊन पसरवलं. गालच्या यादीत खुनाची, चोरीची प्रवृत्ती अशी उघडीवाघडी नावं होती. यानं ती गुळगुळीत करून घेतली. आपल्या देशमुख सरांसारखं, ‘नापास’ न म्हणता ‘प्रगतीस वाव’.

तर पहिलं वाक्य दिलं, ‘श्पुर्त्सहाइम डाइड इन बॉस्टन इन १८३२.’ पास. दुसरं, ‘श्पुर्त्सहाइम डिसेक्टेड अ ब्रेन इन एडिंबरा.’ तेही पास, आणि खरंही आहे. तिथल्या एका नियतकालिकानं त्याची सालटी काढली, तेव्हा हा पठ्ठ्या १८१६ मध्ये तिथंच जाऊन लोकांसमोर मेंदू सोडवून दाखवत बसला. त्याचा हात चांगला होता, हे कबूल करायलाच हवं. बाकीचे मेंदूचे पावासारखे काप काढायचे; हा नि गाल तंतूंचा माग धरून जायचे.

तिसरं लिहिलं, ‘श्पुर्त्सहाइम वॉज राँग अबाउट स्कल्स.’ परत आलं. शेरा काय? ‘मतप्रदर्शन नको.’

अगं, मत कसलं? भुवईच्या वर बोट ठेव. तिथं हाडात पोकळी असते, हवेची. बाहेर फुगवटा दिसला तरी त्याच्या मागं लगेच मेंदू नसतो. एडिंबराच्या सर विल्यम हॅमिल्टन या तत्त्वज्ञानं याच पोकळीवरून फ्रेनॉलॉजीवाल्यांशी भांडण मांडलं होतं. पण मी ते लिहिलं की मत, आणि त्याची व्याख्यानं लिहिली की माहिती! माझी चारही वाक्यं खरी असतील नि तरी वाचणाऱ्या पोराला वाटेल, कोणी थोर डॉक्टर होऊन गेला. आपल्या मध्य प्रदेशातल्या सागरकडे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या डॉक्टर स्प्रायनं एडिंबराच्या फ्रेनॉलॉजीवाल्यांना पाठवल्या होत्या, १८३० च्या दशकात. त्यांचे स्वभाव तिथं टेबलावर मोजले गेले. हे कुठल्या वाक्यात बसवू?

यांना सांगितलं तर म्हणाले, ‘वाक्यामागं पैसे मिळतात ना, मग झालं.’ म्हणून तुला लिहितेय. सांगलीच्या त्या स्थळाची आई आठवते? तुझं कपाळ डाव्या हातानं चाचपून ‘रुंद आहे हो, नवऱ्याला जड’ म्हणाली होती. मी तोंड उघडलं तर तू टेबलाखालून चिमटा काढलास! त्या चिमट्याचं भांडण माझ्याकडून अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव. पोहे मात्र तू दोन बशा खाल्लेस.

आणि ऐक, श्पुर्त्सहाइमचं धड बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत आहे, कवटी डॉक्टरांनी ठेवून घेतली, ती हार्वर्डच्या संग्रहात. तुझा चिन्मय तिथंच आहे ना? जाऊन ये म्हणावं. त्याचं व्हिसाचं झालं का? तुझ्या नव्या फ्लॅटला गॅलरी आहे का? ताईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच.

आता चौथं वाक्य असं केलंय, ‘श्पुर्त्सहाइम फेल्ट अ बम्प ओव्हर द आयब्राउ; बिहाइंड इट वॉज एअर.’ यात मत कुठं आहे दाखवा म्हणावं. अजून पाठवलं नाही. पाठवू का? फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. लिहून कळव, आणि या वेळी चिमटा काढायचा नाही.

तुझी,
मेधी